दारावर पाटी लावलेला गुप्त पोलीस

कडुबा शिंगाडे गुप्त पोलीस होते, आणि हे साऱ्या शहराला माहीत होतं. रिक्षावाल्यांना माहीत होतं, मंडपवाल्यांना माहीत होतं, मोर्चे काढणाऱ्यांना तर होतंच होतं. हर्सूलला ते राहायचे त्या गल्लीत कुणी नवखा पत्ता विचारत आला की पोरंसोरं ओरडायची, "गुप्त नाना ना? तो निळा दरवाजा!" एवढ्यावर भागलं नाही म्हणून की काय, त्यांच्या बायकोनं, कौसाबाईनं, दारावर पाटीच लावून घेतली होती. वर 'क. ना. शिंगाडे' आणि खाली बारीक अक्षरांत 'गुप्त खाते'. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा ती पाटी वाचून दारातच हसत सुटले. कौसाबाई म्हणाल्या, "हसू नका ताई. गॅसवाला सारखा शेजारी टाकी देऊन जायचा."

मी त्याच खात्यात टायपिंगला होते. खात्याचं खरं नाव सांगत नाही. निवृत्त झाले असले तरी सही करून दिलेली आहे. मी पिशोरची. आमच्या घरात बाईमाणसानं चार लोकांत तोंड उघडू नये असा रिवाज होता, आणि नोकरी लागली तीही नेमकी तोंड मिटून बसायची. म्हणजे आगीतून फुफाट्यात. आता मात्र मला कोण अडवतंय ते बघतेच.

साध्या वेशातला पोलीस कसा ओळखायचा हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. शर्ट पांढरा असतो, केस बारीक कापलेले असतात आणि पायात सरकारी तांबडे बूट असतात. नाना बूट घालत नव्हते. ते घालायचे जाड चामड्याच्या वहाणा, आणि त्या अशा करकरायच्या की नाना जिन्यात असतानाच आम्ही वर चहा गाळायला घ्यायचो. मी एकदा म्हटलं, "नाना, पाळत ठेवायला जाताना तरी या काढत जा की."

"काहून?"

"अहो, लांबून ऐकू येता तुम्ही."

"यिऊ द्या ना. मी आलो हे ऐकून जो लपला, तोच मला पायजे असतो. बाकीचे आपले बसून राहतात. निम्मं काम वहाणाच करतात माझं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

नानांची खरी कचेरी क्रांती चौकाजवळच्या अंबादासच्या हॉटेलात होती. हॉटेल म्हणायचं आपलं, होती चार बाकडी, दुधाचं पातेलं आणि खारीची बरणी. अंबादास आमच्या पिशोरचाच. रान भावाच्या हवाली करून शहरात आलेला, पण बोलणं अजून तिकडचंच. नाना सकाळी दहाला तिथं बसायचे आणि बातम्या त्यांच्याकडं आपल्या पायानं चालत यायच्या. एखादा पुढारी मोर्चा काढणार असला की आधी नानांना येऊन सांगायचा. न सांगता काढला तर त्याला चुकल्यासारखं वाटायचं.

"नाना, लिहून घ्या. शुक्रवारी मोर्चा. दहा हजार माणूस येतंय."

"लिहिलं. जेवायला काय ठेवलंय?"

"पुरीभाजी."

"कितीची सांगितली?"

पुढारी इकडंतिकडं बघायचा. "तीनशेची."

"मंग तीनशे लिहितो. नाराज होऊ नका. भाषणातला आकडा तुमचा, पेपरातला पेपरवाल्यांचा, पण पुरीभाजीचा आकडा देवाचा असतो."

एकही पुढारी कधी नाराज झालेला मी पाहिला नाही. उलट मंडप घालणारे शकूरभाई शेजारच्या बाकावरून म्हणायचे, "नाना, मेरे को तो ढाई सौ कुर्सी बोले." मग नाना अडीचशे करायचे.

आता ही बातमी वर साहेबांना कळवायची, साहेबांनी त्यांच्या वरच्याला, आणि त्यांनी कपाटात ठेवायची, असा आमच्या खात्याचा शिरस्ता. नानांनी त्यात एक भर घातली होती. ते बातमी मोबाइलवर स्टेटसलाही ठेवायचे. "शुक्रवारी चौकात मोर्चा, अकरा ते एक. दवाखान्यात जाणाऱ्यांनी मागच्या रस्त्यानं जावं." खाली हात जोडलेलं चित्र आणि सुप्रभात. गुप्त पोलिसाचं स्टेटस! माझी नणंद तिच्या सासूला डायलिसिसला न्यायची, ती रोज आधी नानांचं स्टेटस बघायची आणि मग रिक्षा सांगायची. मी नानांना म्हटलं, हे नियमात बसत नाही. ते म्हणाले, "ताई, मोर्चाची बातमी साहेबाला कळून साहेब काय करणार? साहेबाची गाडी तर सायरन वाजवत जाती. ज्याची म्हातारी रिक्षात अडकती त्याला कळाली पायजे ना."

हे डोकं त्यांना कुठून मिळालं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. नानांचे वडील मेंढरं राखायचे. वेरूळच्या डोंगराकडं त्यांच्या भावकीचे दोन वाडे होते, मेंढरांचे वाडे, आणि दोन्ही वाड्यांत चराईवरून हाडवैर. येणंजाणं बंद, लग्नात बोलावणं बंद, समोरासमोर आले तरी थुंकून पुढं जायचे. पण एक रिवाज होता. लांडगा दिसला की ओरडून सांगायचं. ज्याचं तोंड बघत नाही त्यालाही सांगायचं, आणि कुठल्या ओढ्याला दिसला, किती होते, कुणीकडं गेले, सगळं सांगायचं. त्यात राखून ठेवायचं नाही.

"एका साली आमच्या चुलत्यानं राखून ठेवलं," नाना म्हणाले. "त्यानं लांडगा बघितला अन् गप बसला. म्हणला, खाऊ दे त्यांची मेंढरं. खाल्ली. दुसऱ्या दिशी आमची खाल्ली. लांडग्याला काय ठाव, कुणाचं कुणाशी भांडण हाय ते?"

"मग चुलत्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय! मरेस्तोवर त्याला कुणी बिडीला जाळ दिला नाय."

बदली होऊन नवे साहेब आले ते अशा माणसाच्या डोक्यावर. तरुण होते, हुशार होते, वाईट नव्हते, हे आधीच सांगते. पण गुप्ततेचं त्यांना वेड होतं. आल्या आल्या त्यांनी 'अति गोपनीय'चा नवा शिक्का करून घेतला आणि तो प्रत्येक कागदावर मारायला लावला. नळाला पाणी येत नाही ही तक्रार अति गोपनीय. पंख्याची दुरुस्ती अति गोपनीय. सकाळी शहराच्या पेपरात छापून आलेल्या बातमीचं कात्रण मी चिकटवायचे, साहेब त्यावर शिक्का मारायचे आणि कुलपात ठेवायचे. नानांच्या दर्जाच्या माणसाला अति गोपनीय कागद बघायचा अधिकार नव्हता. त्यामुळं सकाळी अंबादासच्या हॉटेलात जो पेपर नानांनी भजी खात वाचलेला असायचा, तोच दुपारी कचेरीत त्यांना वाचता यायचा नाही. नाना मला विचारायचे, "ताई, कात्रणात काय आलंय?" मी म्हणायचे, "सांगता येत नाही, नाना." ते म्हणायचे, "राहू द्या, मला पाठ हाय."

साहेबांनी नानांचं स्टेटस बंद केलं. वहाणाही बंद करायला सांगितल्या, पण त्या काही बंद झाल्या नाहीत. वर एक चांगला उंच, नांदेडकडचा नवा शिपाई त्यांनी मागवून घेतला आणि त्याला अंबादासच्या हॉटेलात गुपचूप बसवला. का, तर नाना तिथं बसून काय बातम्या फोडतात ते बघायला. हे नानांना त्याच दिवशी कळलं, कारण त्या पोरानं बाकावर बसल्या बसल्या त्यांनाच विचारलं, "नाना, इथं संडास कुठंय?"

आता खरी गोष्ट सांगते, नीट ऐका.

अंबादासला एकच मुलगी, वर्षा. सकाळी बापाला भांडी घासू लागायची आणि नंतर मैदानावर पळायला जायची. परीक्षा दिली, मैदान मारलं, आणि हर्सूलच्या जेलमध्ये महिला शिपाई म्हणून तिची निवड झाली. अंबादासनं चौकात पेढे वाटले. नानांनी सगळ्या चौकाला ओरडून सांगितलं, "अंबादासची पोरगी जेलात चालली हो!" आणि दोन बायका खरोखरच डोळ्याला पदर लावून विचारपूस करायला आल्या. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. म्हणजे मुलीचं आणि घराचं काही वावगं नाही असं पोलिसांनी लिहून द्यायचं. महिनाअखेरीपर्यंत ते गेलं नाही, तर नोकरी यादीतल्या पुढच्या मुलीला. वयाच्या अटीमुळं वर्षाची ही शेवटचीच खेप होती.

ते काम आमच्या टेबलावर आलं, आणि साहेबांनी त्यावर लिहिलं: प्रतिकूल.

माझे हात टाइप करता करता थांबले. मी नानांना खूण केली. नाना करकर करत साहेबांच्या खोलीत गेले, दार उघडंच होतं, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, पोरीचं काय वाईट निघालं?"

"मुलीचं नाही. बापाच्या हॉटेलचं. तिथं रोज संशयित इसम बसतात. आपल्या माणसाचा रिपोर्ट आहे. एक चष्मेवाला, एक टोपीवाला. चहा घेतात, तासन् तास बसतात, कोण काय बोलतं ते ऐकतात. आणि शिंगाडे, हे फक्त आपलंच म्हणणं नाही. राज्याच्या खात्याकडूनही तसाच रिपोर्ट आहे. दिल्लीच्या खात्याकडूनही आहे. तीन स्वतंत्र सूत्रं एकच गोष्ट सांगताहेत."

नाना म्हणाले, "साहेब, चष्मेवाला राज्याच्या खात्याचा माणूस हाय. टोपीवाला दिल्लीवाल्यांचा. ते दोघं आपल्या पोरावर रिपोर्ट देतात अन् आपलं पोरगं त्यांच्यावर. तिघं मिळून अंबादासचा चहा पितात."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"इचारलं."

"काय विचारलं?"

"म्हणलं, कुठं नोकरीला? सांगितलं त्यांनी."

साहेबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. "ही माहिती अधिकृत नाही," साहेब म्हणाले. "मी दोन्ही खात्यांना अधिकृत विचारणा करतो."

त्यांनी केली, हे मान्य करायला हवं. दोन्हीकडून उत्तर आलं की असे इसम आमचे आहेत किंवा नाहीत हे गोपनीयतेमुळं सांगता येत नाही. त्यांनीही आमच्या उंच पोराबद्दल विचारलं होतं, आणि आमच्या साहेबांनीही तेच उत्तर पाठवलं होतं. मीच टाइप केलं. मग साहेब म्हणाले, "बघा, कुणीच 'आमचा माणूस आहे' म्हणत नाही. म्हणजे संशय पक्का."

मला इतका राग आला की टाइपरायटर असता तर मी तो आपटला असता. कॉम्प्युटर होता, म्हणून राहिला.

अंबादास हॉटेलातून फोनवर फोन करत होता. "ताय, काय व्हतंय का कामाचं?" मी त्याला काय सांगणार? सही करून दिलेली. वर्षा पळायला जायची बंद झाली होती. नानांचंही एक गणित होतं. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते, आणि सहायक फौजदाराचे ते फौजदार होणार होते. खांद्यावर दुसरा तारा. जन्मभर साध्या कपड्यांत काढलेल्या माणसाला तारा कशाला, असं कुणी म्हणेल. पण कौसाबाईंनी मला सांगितलं होतं की नाना दोन तारे आधीच विकत आणून बसलेत आणि रोज रुमालानं पुसतात. या वेळी नाकासमोर चालणं एवढंच त्यांना करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना अंबादासच्या हॉटेलात गेले आणि चष्मेवाला, टोपीवाला आणि आमचं उंच पोरगं, तिघांना एका बाकावर बसवून म्हणाले, "पक्की बातमी देतो. शुक्रवारी दुपारी चारला इथं लई मोठी माणसं जमणारेत. आपापल्या साहेबाला कळवा. माझं नाव सांगितलं तरी चालंल."

बातमीत तसूभरही खोटं नव्हतं. तीन शिपायांनी तीन साहेबांना कळवलं, आणि तिन्ही साहेब त्या मोठ्या माणसांना बघायला शुक्रवारी दुपारी चारला स्वतः आले.

मी त्या दिवशी खारी आणायच्या निमित्तानं गेले होते. मला ते चुकवायचं नव्हतं. आमचे साहेब शेतकरी होऊन आले होते. धोतर, टोपी, हातात पिशवी, आणि पायात चकचकीत पॉलिश केलेले तांबडे बूट. राज्याचे साहेब वेरूळ बघायला आलेले प्रवासी होते. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर उन्हाची टोपी, आणि त्या कॅमेऱ्याचं झाकण शेवटपर्यंत निघालं नाही. दिल्लीचे साहेब हिमरू शालींचा गठ्ठा घेऊन विक्रेते झाले होते. शकूरभाईंनी त्यांना एका शालीचा भाव विचारला, तर ते म्हणाले, "आप ही बोलिए." हिमरू विकणारा माणूस असं बोलला तर त्याच्या घरचे त्याला जेवायला घालणार नाहीत. प्रत्येकाबरोबर चार-पाच माणसं. चारी बाकडी भरली. खऱ्या गिऱ्हाइकाला बसायला जागा उरली नाही. सगळे पेपर तोंडासमोर धरून बसलेले आणि पेपराच्या वरून एकमेकांकडं बघताहेत.

अंबादासला काही माहीत नव्हतं. तो खुशीत होता. चहामागून चहा देत होता. पण चहा संपल्यावर धोतरवाल्यांनी हळूच म्हटलं, "पावती मिळेल का?" मग प्रवाशांनी म्हटलं, "आम्हालाही एक पावती." मग शालवाले म्हणाले, "एक हमको भी."

अंबादास कपबशी हातात धरून उभाच राहिला. "चहाची पावती? आजवर कुण्णी मागितली नाय बा."

तेव्हा नाना उठले. करकर करत मधोमध आले, अंबादासच्या हातातली कपबशी घेऊन बाजूला ठेवली आणि लग्नात वऱ्हाडाची ओळख करून देतात तसे बोलू लागले.

"मंडळी, चार वाजले. मोठी माणसं आली. आता वळख करून देतो. हे धोतरातले आमचे साहेब. साहेब, नमस्कार. हे कॅमेऱ्यातले राज्याच्या खात्याचे साहेब. अन् शालवाले दिल्लीच्या खात्याचे. तुमी तिघं एकमेकाला महिनाभर संशयित म्हणून लिहिताय. अन् हा अंबादास. याचा गुन्हा एवढाच का यानं तुमच्या माणसांना बसू दिलं. याची पोरगी तुमच्यापायी घरी बसली. आता तुमीच एकमेकाला इचारा, मी मधे बोलत नाय."

आमच्या साहेबांचं तोंड लाल, मग पांढरं. राज्याच्या साहेबांनी उगीचच कॅमेरा डोळ्याला लावला, झाकणासकट. आणि मग दिल्लीचे साहेब हसायला लागले. तो माणूस असा हसला की शाली मांडीवरून खाली घसरल्या. म्हणाले, "धोतर में जूते! हमारे आदमी ने बराबर लिखा था, 'बूटवाला किसान, बहुत संदिग्ध.'" मग राज्याचे साहेबही हसले. शेवटी आमचे साहेब हसले, पण ते फक्त ओठांनी.

त्याच बाकावर बसून तिघांनी फोन फिरवले. दिल्लीच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं की मुलीचा यात काडीचा संबंध नाही आणि आमचं काही म्हणणं नाही. 'प्रतिकूल' खोडून निघालं. वर्षाचा कागद मुदतीच्या आत गेला. अंबादास नानांच्या पायावर डोकं ठेवायला गेला तर नाना दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "आधी त्यांच्या पावत्या फाड, बिचारे खोळंबलेत."

एवढ्यावर संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण गुप्त माणसांची नावं भरचौकात उघड केली म्हणून नानांवर मेमो निघाला. मेमोवर शिक्का होता, अति गोपनीय. नानांनी तो पाकिटासकट परत केला. म्हणाले, "साहेब, माझ्या दर्जाला हे वाचायची परवानगी नाय." शेवटी साहेबांना तो मोठ्यानं वाचून दाखवावा लागला, आणि तेव्हा सगळं ऑफिस कान देऊन ऐकत होतं. आम्ही खाली माना घालून हसत होतो. मग साहेबांनी शेवटचं वाक्य वाचलं, की कडुबा शिंगाडे यांचं नाव पदोन्नतीच्या यादीतून वगळण्यात येत आहे. तेव्हा कुणी हसलं नाही.

मी बाहेर आल्यावर म्हटलं, "नाना, तुम्ही हे काम माझ्याकडं द्यायचं होतं, मी त्या दिल्लीच्या साहेबांना गुपचूप फोन केला असता. तारा वाचला असता तुमचा."

"गुपचूप केलं असतं तर उद्या दुसऱ्या कुणाच्या हॉटेलात पुन्हा तेच झालं असतं," नाना म्हणाले. "अन् ताई, मी साध्या कपड्यातला माणूस. मला तारा घिऊन कुठं मिरवायचंय?" हे बोलताना त्यांनी रस्त्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही. मला आजही त्या कागदाचा संताप येतो. सगळ्या शहराला जे ठाऊक होतं ते सांगितल्याबद्दल एका माणसाचा तारा कापला, याला मी न्याय म्हणणार नाही, कुणी कितीही शिक्के मारले तरी.

नाना निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीत शाल, नारळ, पेढे, सगळं झालं. साहेबांनी भाषण केलं. ते बरं बोलले, आवाज थोडा अडखळला, आणि त्याबद्दल मी त्यांना निम्मं माफ केलं. नाना त्या दिवशी खाकी वर्दीत आले होते. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही त्यांना वर्दीत पाहत होतो. पोटावर जरा घट्ट, पायात कधी न घातलेले बूट, खांद्यावर जुनाच एक तारा. मी त्यांना घरी सोडायला रिक्षा केली, पण ते म्हणाले, चौकातून चालत जाऊ.

अंबादासच्या हॉटेलापाशी शकूरभाईंनी त्यांना बघितलं आणि बाकावरून उठून उभे राहिले. "या अल्ला! नाना, आज भेस बदलके निकले क्या?"

सगळे बाक हसले. नानाही हसले. अंबादास बाहेर आला, त्याची बायको आली, आणि त्यांच्या मागून वर्षा आली. ती हर्सूलहून ड्यूटी संपवून आली होती आणि तिच्या अंगावरही वर्दी होती, नवी, कडक इस्त्रीची. तिनं नानांना बघितलं, दोन टाचा जुळवल्या आणि खाडकन सलाम ठोकला.

"जय हिंद, साहेब!"

नानांच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात शाल. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी सलाम केला नव्हता. साध्या कपड्यांतल्या माणसाला कोण करतो? त्यांनी नारळ माझ्याकडं द्यायला हात पुढं केला, मग तो मागं घेतला, मग सरळ खाली वाकून नारळ आणि शाल रस्त्याच्या कडेला ठेवली आणि ताठ उभं राहून सलाम घेतला. हात खाली यायला वेळ लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला त्यांना काही सुचत नव्हतं.

मग ते माझ्याकडं वळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, हे कुणाला सांगू नका बरं."

समोर अंबादास उभा होता, त्याची बायको उभी होती, वर्षा होती, शकूरभाई होते, बाकांवरची सगळी गिऱ्हाइकं उभी राहिली होती, आणि दोन रिक्षावाले रिक्षा थांबवून बघत होते.

मी म्हटलं, "नाही सांगत, नाना."